आजोबांचं आईझाड आणि तुझ्या कॅनरीचं खाणं

प्रिय ग्रीत्येआत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? कॅनरी गाते का? (उत्तर नंतर दे, आधी पुढचं वाच. आणि बसून वाच.) आजोबांचं आईझाड मी मारलं.

तेच गं, दोर वळायच्या भांगेचं, पणजीच्या बियाण्यातलं, काचघरात दिव्याखाली फांद्या लावून लावून जपलेलं. जानेवारीत मी ते गंमत म्हणून हवालदार बेरेंडच्या सायकलच्या टोपलीत ठेवलं. (नशा होत नाही त्यानं, पण दिसतं गांजासारखंच ना!) म्हटलं, बाहेर येऊन तोंड कसं करतो बघू. तो आत वाटाण्याचं सूप ओरपत बसला, मी झुडपाआड, आणि थंडी उणे आठ. तो आला तोवर झाड काळं पडलेलं. मग शेजारच्या वुब्बोकाकांच्या शेडमधून तेवढंच एक झाड उचललं आणि कुंडीत लावलं. दुसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, "आज तजेला आलाय हिला." मी हसलोसुद्धा.

आता हसू येत नाही. वुब्बोकाकांनी यंदा नवं वाण नोंदणीला दिलं. आजोबा भडकले, "ही माझ्याच झाडाची लेक, चोरलीय त्यानं!" दोन्हीकडची पानं तपासायला धाडली. पानातल्या हिरव्या कणांचा, हरितलवकांचा, डीएनए वेगळा असतो म्हणे, आणि तो फक्त आईकडून येतो. बापाचा पराग कुठूनही उडून येऊ दे. निकाल आला: आई एकच. येणारच ना, दोन्ही पानं वुब्बोकाकांचीच!

गुरुवारी नोंदणीच्या समितीपुढे आजोबा चाळीस वर्षांच्या मित्राला चोर ठरवणार. परवा कुंपणावरून ओरडले, "वुब्बो, हिरवे कण खोटं बोलत नाहीत!" काका एवढंच म्हणाले, "नाही हिंद्रिक, ते नाही बोलत."

तुझा टाम्मो

ता. क. खरं काम असं. दोन वर्षांपूर्वी तू त्याच झाडाचं पिशवीभर बी कॅनरीला नेलंस. त्यातल्या दाण्यादाण्यात खऱ्या आईचे हिरवे कण आहेत. उरलं असेल ते बुधवारच्या आत पाठव. नुसतं तोंडानं सांगितलं तर सगळे म्हणतील, टाम्मोची आणखी एक थाप. बी पाहिलं की ते तपासेपर्यंत समितीला थांबावंच लागेल, आणि आईझाडाची खरी लेकही उगवेल. कॅनरीला आजपासून पाव घाल.

आणखी एक ता. क. वर 'उचललं' लिहिलं ते खोटं. मी शेडमागे रडत होतो, वुब्बोकाकांनीच झाड हातात दिलं. म्हणाले, "घे रे गाढवा, आणि हिंद्रिकला कळू देऊ नकोस, खचेल तो." आता चोर म्हणवून घेतायत, पण माझं नाव काढत नाहीत. बी आलं की ते घेऊन आजोबांसमोर मीच उभा राहणार. तोवर, आत्या, पाया पडतो तुझ्या, कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस.