धाकट्या दिरांची पिशवी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जहाजांची शिडे शिवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. अक्षर वाकडे येते ते वयाने. डोके ठणठणीत आहे आणि स्मरणशक्ती नको इतकी चांगली आहे.

१. शिवणयंत्र, सुया, मेण आणि कातडी हातमोजा पुतणीला, धाकट्या दिरांच्या मुलीला, द्यावा. तिचा टाका सरळ आहे. बापाचा राग मी लेकीवर काढत नाही.

२. शिडाची नौका यजमानांच्या पश्चात माझ्या एकटीच्या मालकीची आहे. यजमान, मी आणि धाकटे दीर तिच्यावरून एकोणीस महिने फिरलो. बंदरोबंदरी शाळेची मुले नौकेवर यायची, समुद्र स्वच्छ कसा राखायचा ते शिकायची. आमचा नियम एकच होता, काडेपेटीची काडीसुद्धा पाण्यात टाकायची नाही. ज्याचा कचरा त्याच्या पिशवीत, आणि परतल्यावर मुलांसमोर वजन; ज्याचे सर्वांत कमी, त्याला पदक. पिशव्या मी शिवल्या, प्रत्येकीवर दोऱ्याने नाव घातले.

चौदाव्या महिन्यात दीर म्हणाले, "वहिनी, माझी पिशवी मागच्या बंदरात चोरीला गेली हो. नवी शिवून द्या." कचरा चोरणारा चोर मी पहिल्यांदाच ऐकला. त्याच सकाळी ती पिशवी मी आकड्याने पाण्यातून ओढून काढली होती. टाका माझा, बुडणार कशी?

यजमान म्हणाले, "भाऊ आहे माझा. मुलांचा विश्वास उडेल. झाकून ठेव." मी झाकून ठेवली. परतल्यावर माझी पिशवी अकरा किलो भरली, दिरांची नवी अर्धा किलो. पदक त्यांना, 'सागरमित्र' ही पदवीही त्यांनाच. वर माईकवरून म्हणाले, "आमच्या वहिनींनी समुद्रात दुकानच थाटलं होतं!" मुले हसली. यजमानही हसले, आणि ते मी अजून विसरलेले नाही. पुढच्या सफरीला दिरांनी नौका आमची नेली, आम्हाला नेले नाही.

ही नौका बंदराजवळच्या शाळेला द्यावी. दिरांनी तिचा नवा रंगसुद्धा ठरवून ठेवला आहे. तो त्यांनी घराला द्यावा.

३. ती पिशवी माळ्यावर आहे, गाठ न सोडलेली. त्याच शाळेत दीर दरवर्षी भाषण करतात. माझ्या पश्चात पहिले भाषण संपले, की वकीलबाईंनी ती मुलांसमोर तोलावी आणि उघडावी. आत काय आहे मला ठाऊक नाही. वरचे नाव मात्र अजून स्वच्छ वाचता येते.

४. माझ्या अंत्यविधीला दिरांना रडू द्यावे, बोलू देऊ नये.

साक्षीदाराला मजकूर दाखवावा लागत नाही, असे वकीलबाई सांगतात. शिवाय उद्या त्याने हा कागद खोटा म्हटला, तर स्वतःची सहीसुद्धा खोटी म्हणावी लागेल. म्हणून साक्षीदार मी विचार करून निवडला आहे.

ठिकाण: शिडे शिवायची खोली, राहते घर
दिनांक: चौदा मार्च
सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार एक: वकीलबाई (सही)

साक्षीदार दोन: धाकटे दीर (सही)
"वहिनींची प्रत्येक इच्छा मला शिरसावंद्य. वाचायची गरज नाही. — सागरमित्र"