काच कुणी फोडली

११ नोव्हेंबर
काच फुटलीय. पणजीचा फोटो असलेली – आमच्या फोटो स्टुडिओतली सगळ्यात जुनी, काचेवरची निगेटिव्ह. तुकडे कपाटामागे सारलेले. म्हणजे पडली, आणि कुणीतरी लपवली.

घरात माणसं तीन. मी, माझे वडील अण्णा, आणि दीड वर्षापूर्वी माझी लेक होऊन आलेली खार. (गालात घास साठवते, म्हणून खार. वय आठ.)

मी लहान असताना अण्णा एकच सांगायचे – चूक झाली तर आपण होऊन सांगायची, सांगितली की विषय संपला. खारीलाही मी तेच शिकवलंय. काचा पुसायलाही मीच शिकवलं – कडा धरून, श्वास रोखून.

जेवताना विचारलं. अण्णांनी ताक मागितलं, खारीने गालात आणखी एक घास कोंबला.

१२ नोव्हेंबर
अजून कुणी कबूल केलेलं नाही. अण्णा पानावर आलेच नाहीत – "भूक नाही." जिवाला लागलंय त्यांच्या. खार नजर चुकवतेय.

१३ नोव्हेंबर
आज आवाज चढलाच माझा. "या घरात खोटं खपत नाही, कळलं?" बोलून गेले आणि जीभ चावली. "या घरात" म्हणजे? तिचं नाही की काय हे घर?

खार खाली बघून म्हणाली, "मी फोडली."

कशी?

"सटकली."

बरं, सांगितलंस, विषय संपला – असं म्हटलं खरं. पण हलकं काही वाटलं नाही.

१४ नोव्हेंबर
दप्तरातली पुस्तकं पलंगावर. दप्तरात दोन फ्रॉक, टूथब्रश, चपला.

"कधी निघायचं?"

"कुठे?"

"परत. आधीच्या घरी बरणी फुटली, तेव्हा पण गेलेच की. मला जमतं जायला."

दप्तर बाजूला सारलं. जवळ ओढलं तर लाकडासारखी ताठ! म्हटलं, "इथून कुणाला परत पाठवत नाहीत. काहीही फुटलं तरी."

तिने मान वर केली. "म्हाताऱ्या माणसांना पण नाही?"

"कुणालाच नाही." हा काय प्रश्न, कळेना.

चहाच्या वेळी अण्णांना दप्तराचं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी कप खाली ठेवला. उठून खोलीत गेले, दार लावून घेतलं.

१५ नोव्हेंबर
सकाळी अण्णा खारीसमोर खुर्ची ओढून बसले. "काच माझ्या हातून पडली, बाळ. हल्ली हात थरथरतो. सांगायची हिंमत झाली नाही."

"माहितीय. मी पाहिलं होतं." मग त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून, हळूच – "तुम्हाला कुठे पाठवणार नाहीत, आजोबा. मी आईला विचारलंय."