रावणाचे डोळे

साखरशेत, ता. जव्हार
दि. १३ एप्रिल २००३

प्रिय नीलेश,

आम्ही सगळे बरे आहोत. काल बाजारात तुझी आई भेटली. तू वाळलास म्हणत होत्या काकू.

ड्रॉइंगसाठी कोणता कॉम्प्युटर घ्यावा, असे तू विचारलेस. मी छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवतो, तेवढेच माझे ज्ञान. म्हणून आमच्या मेकॅनिकला दोनदा विचारून लिहितो आहे. मॉनिटर सतरा इंची जाडाच घे. नव्या सपाट पडद्यावर बाजूने पाहिले की रंग बदलतात. दुकानदार २५६ रॅम पुरे म्हणेल, ऐकू नकोस, ५१२ घे. ग्राफिक्स कार्ड वेगळे लाव. स्कॅनरही लागेल, हाताने काढलेली चित्रे आत घ्यायला. तुझ्याकडे तशी किती आहेत, ते तुलाच ठाऊक.

तुझ्या कॉलेजचा वार्षिक अंक गुरुजींकडे पाहिला. बाराव्या पानावर मी केलेल्या रावणाच्या मुखवट्याचा फोटो, खाली ‘कलाकार : नीलेश’. ‘सरांना दाखवतो, दोन दिवसांत आणतो,’ म्हणून तू नेला होतास. आणलासही, एक ओरखडा नव्हता. माझ्यासारख्या दहावी नापासाला कॉलेजात कोण विचारतो, हे तुला माहीत होते.

मी भांडलो नाही. बोहाड्यात यंदा कोणते मुखवटे नाचवायचे ते ठरवायला गावाची बैठक होती, तिथे अंक नेला आणि ते पान मोठ्याने वाचले.

वामनदादा म्हणाले, “आरं, मंग रावण नीलेशचा! हेमराजच्या अंगणात महिनाभर कागदाचा लगदा कुटला, तो भाजीसाठी आसंल.”

तुका म्हणाला, “कालिजवाला हाय तो. असं डोळं काढंल, रावण पापणी हलवंल!”

सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

आपल्या गावची रीत तुला आठवत असेल. जुने डोळे पांढऱ्या रंगाने बुजवायचे आणि सोंग निघण्याआधी, ज्याने मुखवटा केला त्यानेच नवे काढायचे, गावासमोर, हात न उचलता. रेघ तुटली तर त्या वर्षी ते सोंग निघत नाही. दहा मे, शनिवार. बैठकीने तुझे नाव लावले आहे. तुझ्या सरांनाही मी बोलावले. ते पत्र तीनदा तपासून टाकले. ‘अवश्य येतो’ असे त्यांचे कार्ड आले.

रावण बाबा नाचवतात. तुझी रेघ तुटली, तर बावीस वर्षांत पहिल्यांदा ते घरी बसतील. त्यांनी मला विचारले, “तुला हेच पायजे?” मी हो म्हणालो. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. तरी नाव मी मागे घेणार नाही.

डोळे काढण्याआधी गावासमोर उभे राहून खरे सांगायचे असेल, तर सांग. तेही सरांसमोरच.

काकूंसाठी अगदी पुढची जागा धरली आहे. मी तुझ्या मागेच उभा असेन.

तुझाच,
हेमराज