विचार करून कळवतो

२ जून, सोमवार

आज एक कडक निर्णय. पूर्वाचा मोबाईल जप्त. बारावीला पंच्याऐंशी टक्के पडले म्हणून काय पोरीने दिवसभर गेम खेळायचा? तोही कसला, तर शाळेतल्या पोरापोरींच्या प्रेमाचा! ना धावाधाव, ना गोळीबार. नुसती चित्रं, खाली संवाद आणि मधूनमधून तीन पर्याय. आपण एक दाबायचा, तशी गोष्ट पुढे सरकते. हद्द झाली.

पूर्वा म्हणाली, पप्पा, असे गेम बनवायलाच शिकायचंय मला. इंदूरच्या कॉलेजात सीट लागेल. तुम्ही फक्त हो म्हणा.

मी म्हणालो, विचार करून कळवतो. ऑफिसात मला बडे बाबू म्हणतात ते उगाच नाही. सत्तावीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही चुकीचा निर्णय गेलेला नाही.

३ जून, मंगळवार

गेम तपासायला घेतला. बापाचं कर्तव्य. दहा मिनिटं, जास्त नाही.

मुलगी जपानची. नाव हानाए. मी हौसा म्हणतो, जिभेला सोपं. शाळेच्या गच्चीवर एकटीच डबा खाते. बाप नोकरीत गुंग, घरात तिच्याशी धड कोणी बोलत नाही. कसली कसली माणसं असतात जगात!

जेवायला हाका मारून बायको वंदना थकली. पावणेतीन तास झाले होते.

५ जून, गुरुवार. ऑफिस, लंच

हौसाने सरळ विचारलं, मी तुला आवडते का? पर्याय तीन. हो. नाही. थोडा वेळ दे. मी तिसरा दाबला. आपल्याकडे मुलगी पाहायला गेलं की पोहे खाऊन जागच्या जागी कोणी हो म्हणतं का? विचार करून कळवतो म्हणायचं, चपला घालायच्या. रीत आहे. हौसा हसली, पण तोंड उतरलंच. चांगल्या घरची आहे, समजून घेईल.

वरून सारखे मेसेज टपकतात. सीट अलॉट झाली, दहा तारखेच्या आत कन्फर्म करा. नेमके हौसाच्या तोंडावर! त्यांचा आवाजच बंद करून टाकला.

८ जून, रविवार

हौसा गाव सोडून गेली. स्क्रीन काळी. शेवट तिसरा, उशीर. मला उशीर! वेळेआधी पाच मिनिटं ऑफिसात हजर असतो मी!

परत सुरू केला. परत वेळ मागितला. परत गेली. चार खेपा. गेममध्येच खोट आहे. पण मीही हार मानणारा नाही. रीत न सोडता जिंकून दाखवीन, नाही तर नाव सुधाकर लावणार नाही.

पूर्वाने विचारलं, झाला का विचार? म्हटलं, चालू आहे. ती ताट घेऊन गच्चीवर गेली, एकटीच जेवली. हल्ली घरात उकडतं फार.

११ जून, बुधवार

निंबोल्याचे कडूभाऊ आले होते. माझे मावसभाऊ, केळीवाले. त्यांना हौसाची केस सांगितली, नाव झाकून. एका मुलीने विचारलंय, मुलगा वेळ मागतोय. कडूभाऊ म्हणाले, भो, केळीचा घड तयार झाला का कापा. झाडावर पिकला तं त्याले कोनी इचारत नाही. भला माणूस, पण त्याला केळीपलीकडे काय कळणार!

वंदना चहा घेऊन उभी होती. म्हणाली, मला पाहून गेल्यावर हे अकरा महिने कळवत होते. शेवटी माझे बाबा धूलकोटहून तारीख ठरवूनच आले, म्हणून लग्न झालं. मी म्हणालो, बघ, झालं ना शेवटी बरोबर? कडूभाऊ हसले. वंदना नाही हसली.

१५ जून, रविवार

सहज मेसेज उघडून पाहिले. सहा तारखेनंतर कॉलेजचा एकही नाही. थकले बिचारे. म्हणून म्हणतो, गप्प बसलं की अर्धी प्रकरणं आपोआप मिटतात. आजकालच्या लोकांना धीर नाही.

घरात मायलेकी दराब्याची मिठाई आणि शेव डब्यांत भरत होत्या. पाहुणे येणार का, विचारलं. वंदना म्हणाली, नाही, कोणी येत नाहीये. बरं झालं, मला निवांतपणा हवाच होता.

१७ जून, मंगळवार

अकरावी खेप. हौसा गच्चीवर म्हणाली, नाही म्हणालास तरी चालेल, पण माझ्याशी बोल रे.

मोबाईल पालथा ठेवला. डोळ्यांत पाणी आलं. कूलरचा वारा सरळ तोंडावर येतो. मग उचलला आणि हो दाबलं. बेधडक! फुलं पडली, बाजा वाजला, शेवट पहिला. जिंकलो! कोण म्हणतं सुधाकरला निर्णय घेता येत नाही?

आणि नुसत्या गेमात नाही. पूर्वालाही हो म्हणणार. जा बेटा, इंदूरला जा, असं तोंडावर म्हणणार. आत्ता समोरच होती, मोबाईलमागे उभी. काहीतरी सांगत होती. तेव्हाच म्हटलं असतं, पण असं कोरडं कशाला? सकाळी मावा जिलेबी आणतो, मग सांगतो. एका रात्रीने काय बिघडतं?

१८ जून, बुधवार. सकाळी साडेआठ

पहिल्या घाण्याची जिलेबी घेऊन आलो. पूर्वा नाही. साडेसातच्या बसने इंदूरला गेली.

सीट केव्हाच पक्की झाली होती. मी मोबाईल घेतला त्याच आठवड्यात तिने फॉर्मवर वंदनाचा नंबर घातला. सहीही वंदनाची. वंदना म्हणाली, काल तुमच्यासमोर उभी राहून सगळं सांगत होती पोरगी. तुम्ही मान वर केली नाही. निघताना पाया पडायला थांबली होती, तर तुम्ही घरात नाही.

मी ठणकावून सांगितलं, माझा होकारच होता!

वंदना म्हणाली, मग कळवायचा होता.

जुना मोबाईल पूर्वाने मागितलाच नाही. मामाने नवा दिलाय, नंबरही नवा. तो नंबर दे म्हटलं, आत्ता होकार कळवतो, एक मिनिट लागणार नाही. वंदना म्हणाली, तिला विचारल्याशिवाय नाही देणार. दारात जाऊन फोन लावला, हळू बोलली, परत आली.

पूर्वा म्हणे, विचार करून कळवते.