डाव्या बाजूच्या पेट्या

शनिवार, ८ मार्च २०२५

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ मुद्दाम लिहिते आहे. चौतीस वर्षं जिल्हा न्यायालयात कारकून होते; लोकांनी काय केलं आणि ते किती वाजता केलं, हे लिहिण्यातच माझं आयुष्य गेलं. तर अकरा वीसला मी चर्चच्या हॉलमध्ये शिरले आणि नर्स कॉलरनची पेटी रिकामी दिसली!

पेटी तेवढी शिल्लक. आतलं सगळं विकलं गेलं. शेजारची टेलिफोनांची पेटी — तीही रिकामी. डर्कनच्या हार्डवेअरच्या दुकानातला लाकडी खण तर मुळापासून गायब. माझ्या इंग्रजीच्या वर्गाचं सगळं सामान, गावानं वर्गाला दिलेलं, चर्चच्या जुन्या वस्तूंच्या सेलमध्ये मुरंब्याच्या बाटल्यांबरोबर गेलं!

कॉन्सेप्टा टॅन्सी — हॉलच्या समितीची अध्यक्ष, शाळेपासूनची माझी सोबतीण आणि शाळेपासूनचीच डोकेदुखी — चहाच्या टेबलामागे उभी.

"अगं डिम्फना, स्टेजच्या डाव्या बाजूला होत्या की पेट्या!"

डावी बाजू म्हणजे सेलचं सामान. चाळीस वर्षं हेच चालत आलंय, हे मलाही माहीत आहे. पण पेट्या तिथे मी नाही ठेवल्या. गुरुवारी कॉन्सेप्टाच्या दिराने आमचं कपाट रंगवलं आणि पेट्या बाहेर काढून ठेवल्या. कुठे? तर डाव्या बाजूला!

"वर चिठ्ठी होती," मी म्हटलं. "इंग्रजीचा वर्ग. हात लावू नये. माझं अक्षर आंधळ्यालाही वाचता येईल. शाळेतल्या सिस्टर बेनिग्नसने पट्टी मारमारून वळवलंय ते."

"चिठ्ठीवर कोणीतरी किटलीची लोकरी टोपी ठेवली होती. ती पण गेली, पहिल्या दहा मिनिटांत."

"कोणी काय नेलं ते सांग."

"नाही सांगणार. सेलमध्ये घेतलेलं परत मागायचं नसतं. तुला काय नव्याने सांगायचं?"

नाहीच सांगायचं. एका बाईने नवऱ्याचा चुकून गेलेला कोट एकदा परत मागितला होता. ती वारून वीस वर्षं झाली, गाव अजून तिला 'कोटवाली' म्हणतं.

घरी आले. चहात साखर घालणार होते, लेंट आठवला — ईस्टरपर्यंतचा उपास, यंदा साखर सोडली आहे. तसाच कडू प्याले.

रविवार, ९ मार्च

चर्चमध्ये, रविवारच्या मिस्सेला, कॉन्सेप्टा माझ्या पुढच्याच बाकावर. प्रार्थनेत शेजाऱ्याशी हात मिळवून 'शांती असो' म्हणायचं असतं, तेव्हा हात पुढे केला तिने. मी बोटांची टोकं दिली.

सोमवार, १० मार्च

रागात माणूस नेमकं काय गेलं ते विसरतो. म्हणून आज ते लिहून ठेवते.

ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू केला तेव्हा आमच्याकडे फक्त एक पुस्तक होतं. त्यातला माणूस रोज सकाळी छत्री घेऊन बँकेत जायचा. नदीकाठच्या जुन्या हॉटेलात सरकारने ठेवलेली, आपापला देश सोडून आलेली माझी अकरा माणसं — त्यांना छत्रीचं काय आणि बँकेचं काय! अब्रेहेत मागच्या बाकावर हात मांडीत घेऊन बसायची. एरिट्रियाची, चाळिशी ओलांडलेली. सहा आठवड्यांत तिच्या तोंडून 'हो', 'नाही' आणि 'थँक यू' यापलीकडे काही आलं नाही. मला वाटलं, हिला जमणार नाही. खरं ते लिहावं.

मग नोव्हेंबरात नर्स कॉलरन मुलीकडे गॉलवेला राहायला निघाली. चाळीस वर्षं या भागातल्या घराघरांत जाऊन तिने बाळंतपणं केली, म्हाताऱ्यांच्या जखमा धुतल्या. जाताना सगळी पेटी आमच्या वर्गाला दिली. रक्तदाबाचं यंत्र, थर्मामीटर, चोचीचा पेला, ओकारी झेलायची वाकडी तसराळी, रबरी पिशवी, बँडेजं, आणि आयांना शिकवण्यासाठीची एक बाहुली, खऱ्या बाळाच्या वजनाची.

मी पेटी उघडली. अब्रेहेत उठली, न विचारता पुढे आली आणि बाहुली उचलली — मानेखाली हात घालून! वर्गात इतर कोणीही मानेखाली हात घातला नव्हता. मीही नाही. तिच्या गावात ती सुईण होती, हे मला त्या दिवशी कळलं. सहा आठवडे मी तिला छत्री शिकवत होते!

"बाई, हे?" मानेवर बोट. मी शब्द सांगितला. "हे?" टाळू. "हे कसं म्हणायचं?" आणि तिने रिकाम्या खुर्चीसमोर उकिडवं बसून, आपल्याच पोटावर हात ठेवून, कळ येणाऱ्या बाईला धीर देऊन दाखवला. श्वास घे. हळू. अजून नाही. आता! एका तासात तिने माझ्याकडून इतके शब्द काढून घेतले की माझा घसा बसला. हाताला जे येत होतं त्याचं फक्त नाव तिला हवं होतं. मग मी बँडेज बांधून दाखवायला गेले, तर तिने ते सोडून पुन्हा बांधलं आणि म्हणाली — तिचं पहिलं अख्खं वाक्य — "बाई, असं बांधलं तर पाय काळा होईल." सगळा वर्ग हसला. मीसुद्धा.

टेलिफोन दोन, बंद पडलेल्या पोस्टातले, काळे. तारेने एकमेकांना जोडून एक पडद्यामागे ठेवला. समोरासमोर बोलताना माणूस हातवाऱ्यांवर वेळ मारून नेतो. फोनवर हात दिसत नाहीत. तिथे शब्दच लागतो. झुराब — जॉर्जियाचा, मूळचा सुतार, आता मांसाच्या कारखान्यात — पहिल्या दिवशी नुसता ओरडला, "डॉक्टर! पाठ!" जानेवारीत पडद्यामागे अब्रेहेत डॉक्टर होती.

"पाठ केव्हापासून दुखते?"

"लग्नापासून."

मी ते त्याला शिकवलेलं नाही. परक्या भाषेत माणूस विनोद करायला लागला की समजावं, आता ती त्याची झाली.

आणि डर्कनने दुकान बंद करताना दिलेला तो खण — बारीक बारीक कप्पे, प्रत्येकात बिजागरी, कोयंडा, वायसर, खिळा. झुराब एकेक उचलायचा, नाव म्हणायचा, परत ठेवायचा, जपमाळ ओढल्यासारखं. एके दिवशी 'बिजागरी' म्हणाला आणि ती घेऊन सरळ हॉलच्या मागच्या दाराकडे गेला. ते दार किती वर्षं घासत होतं! त्या दिवसापासून नाही. समितीने त्याबद्दल पवित्र आत्म्याचे आभार मानले असतील. झुराबचे मानलेले मी तरी ऐकले नाहीत.

हे गेलं. सेलचं टाकाऊ सामान म्हणे!

आणि वेळ कुठली गाठली! येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या, २० तारखेला दोन वाजता अब्रेहेतची टेकडीवरच्या नर्सिंग होममध्ये मुलाखत आहे. तिथली मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स, कागद बघत नाही. उमेदवाराला दोन म्हाताऱ्यांसोबत अर्धा तास ठेवते आणि दाराशी उभी राहून ऐकते. नोकरी लागली तर अब्रेहेतला हॉटेल सोडून भाड्याने खोली घेता येईल. आत्ता पाच बायका एका खोलीत. तिची मुलगी सेम्हार शाळेचा अभ्यास न्हाणीघरात करते. कोरड्या टबात, उशी टेकून.

मंगळवार, ११ मार्च

हॉलच्या दारावर चिठ्ठी लावली. *सामान परत येईपर्यंत इंग्रजीचा वर्ग बंद. — डी. गिलहूली.* चार खिळे ठोकले, लोकरी टोपीला जागाच ठेवली नाही.

या वर्गाची समितीला फार मिरवायला आवडतं. मिरवा आता बंद दरवाजा!

बुधवार, १२ मार्च

दहा वाजता, वर्गाच्या वेळी, घरीच. पाऊस. दोनदा कोट घातला, दोनदा काढला.

गुरुवार, १३ मार्च

कॉन्सेप्टाचा फोन.

"डिम्फना, तुझी माणसं काल अर्धा तास दारात भिजत उभी होती. मी चहा दिला."

"चहा कोणी मागितला होता? सामान दे."

"सामान माझ्या खिशात आहे का? ये आणि वर्ग घे."

"कशावर घेऊ? हवेवर?"

"म्हशीसारखी हट्टी आहेस. सिस्टर बेनिग्नस हेच म्हणायची."

"तुझ्याबद्दल काय म्हणायची ते सांगू?"

ठेवला तिने.

अर्धा तास भिजत. चिठ्ठी वाचल्यावरही थांबले? की चिठ्ठीच कळली नाही? नाही, अब्रेहेतला आता चिठ्ठी वाचता येते. मुलाखतीला अजून आठवडा आहे.

शुक्रवार, १४ मार्च

आजही गेले नाही. संध्याकाळी माझ्या बहिणीचा, अट्रॅक्टाचा फोन. आवाज असा, जणू मृत्युपत्र वाचते आहे.

"तुझी ती उंच बाई आली होती आमच्याकडे. अब्रेहेत."

"तुझ्याकडे? कशाला?"

"रक्तदाबाचं यंत्र माझ्याकडे होतं."

माझ्या सख्ख्या बहिणीकडे! सहा दिवस!

"मला काय ठाऊक तुझं आहे म्हणून? डाव्या बाजूला होतं. ती दारात उभी राहिली, सुतार होता तिच्याबरोबर, टोपी हातात घेऊन. म्हणाली, 'गुड आफ्टरनून. तुमच्याकडे जे यंत्र आहे ते आमच्या वर्गाचं आहे. चुकून विकलं गेलं. मला ते परत हवं आहे, कारण गुरुवारी माझी मुलाखत आहे.' असं, सरळ! डिम्फना, मी लाजेने मेले."

"मग दिलंस की नाही?"

"अगं ऐक ना. मी म्हटलं, घे बाई, तसंही बिघडलेलंय, एकशे नव्वद दाखवतं. तर तिने मला खुर्चीत बसवलं. म्हणाली, 'पाय खाली. बोलू नका.' मला, बोलू नका! मोजलं. थांबली. पुन्हा मोजलं. मग म्हणाली, 'यंत्र बिघडलेलं नाही. आज डॉक्टरकडे जा. उद्या नाही, आज.' आत्ता तिथूनच आले. गोळ्या दिल्यात. डॉक्टर विचारत होता, कोणत्या नर्सने पाठवलं."

"काय सांगितलंस?"

"आमच्या डिम्फनाच्या वर्गातली, म्हटलं. आणखी काय सांगणार!"

चौसष्ट वर्षांत या बहिणीला 'बोलू नकोस' म्हणून गप्प बसवणं मला एकदाही जमलेलं नाही.

शनिवार, १५ मार्च

गावभर तोच विषय. खाटकाच्या दुकानात, रांगेत, सगळे माझ्याकडे बघून बोलतात.

खाटीक: "बाहुली आमच्याकडे होती. नातीची लाडकी झाली होती. तुमच्या त्या बाईने माझ्याकडे मागितलीच नाही. खाली बसून पोरीला विचारलं, 'हिला माझ्याकडे काम आहे. सोडशील?' पोरगी एक पाव मागितला तर देत नाही हो! उचलून दिली."

खण घेतलेल्या माणसाने आधी झुराबला कप्प्यांतल्या वस्तूंची नावं विचारली म्हणे. खरंच वर्गाचा आहे का ते बघायला. झुराबने सगळी सांगितली, वर एक चुकीच्या कप्प्यात होती ती उचलून बरोबर ठेवली.

म्हातारा हेशन टेलिफोन सोडेना. त्याचं पुढे काय झालं ते खाटकाला माहीत नव्हतं.

एका दारात विचारून पुढच्या दाराचा पत्ता. आमच्यापैकी एकालाही हे जमलं नसतं. मला तर नाहीच! 'कोटवाली' हा शब्द आम्हाला दुधाबरोबर पाजला आहे. त्यांना तो कोणी सांगितलेलाच नाही. किंवा सांगितला असेल आणि त्यांनी ऐकून घेऊन पुढचं दार वाजवलं असेल. आणि बोलायचं ते ओळखीच्या वर्गात नव्हे, अनोळखी उंबऱ्यावर, परक्या भाषेत, थंडीत, कुत्रं भुंकत असताना. टोपी काढून, 'गुड आफ्टरनून' म्हणून. मी शिकवलं होतं ते इतकं पुरेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

कॉन्सेप्टा औषधाच्या दुकानाबाहेर भेटली. "झालं का समाधान?" म्हणाली.

म्हटलं, झालं. बंद दरवाजाने काम केलं की नाही!

ती औषधाची पिशवी सावरून चालायला लागली. कॉन्सेप्टा टॅन्सी, आणि शेवटचा शब्द माझा!

रविवार, १६ मार्च

मिस्सेहून आले तर दाराखालून सरकवलेलं पाकीट. आत वहीचा कागद, निळी शाई, रेघेवर रेघ. दोनदा वाचलं. जसंच्या तसं उतरवते:

"मिस गिलहूली यांस,

बुधवार, १२ मार्च, सकाळी दहा वाजता आम्ही अकरा जण हॉलच्या दारात होतो. शुक्रवारी, १४ मार्चला, दहा वाजता पुन्हा. तुम्ही आला नाहीत.

वस्तू आम्ही मागून आणल्या. एक थर्मामीटर फुटलं, बाकी सर्व कपाटात आहे. मिस्टर हेशन यांनी टेलिफोन एका अटीवर दिले. बुधवारी पडद्यामागे बसून ते स्वतः बोलणार आहेत. ते फार भरभर बोलतात. मला ते हवं आहे.

पण मी चुकले तर वस्तू मला चूक म्हणत नाहीत. मिस्टर हेशनही म्हणणार नाहीत, ते सभ्य आहेत. तुम्ही म्हणता. माझी मुलाखत गुरुवारी आहे.

तुम्ही बुधवारी येणार का? उत्तर लेखी हवं, सोमवारी दुपारी बाराच्या आत, गावातली सणाची परेड सुरू होण्यापूर्वी.

अब्रेहेत टेस्फाय"