पंचविसावी ओळ

४ फेब्रुवारी

इतके दिवस तुला उघडलं नाही, माफ कर. लिहायला बसले की आईचा घसा आठवायचा आणि पेन खाली ठेवायचे. नसांच्या आजाराने तिचा आवाज आता पूर्ण गेलाय. मान हलत नाही, पापण्या मनाला येईल तशा मिटतात. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी उरलीत.

तिच्यासाठी पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहिला. अगदी छोटा. एक साधी टेक्स्ट फाइल, ओळीला एक वाक्य. आईने आकडा दाबला की प्रोग्राम त्या क्रमांकाची ओळ वाचतो आणि स्पीकर बोलतो. पहिली ओळ 'हो'. मग 'पाणी', 'कूस बदला', 'दुखतंय', 'दिवा घालवा'... अशा चोवीस. पायथन शून्यापासून मोजतो, हे मी घाईत विसरले. पहिल्या दिवशी आई पाणी मागायची आणि स्पीकर म्हणायचा, "कूस बदला." नर्सबाई बिचाऱ्या तिला या कुशीवरून त्या कुशीवर करत राहिल्या. आकड्यातून एक वजा केला, जमलं.

यादी हॉस्पिटलात तिच्या खाटेसमोर भिंतीवर लावलीय. आई तिकडे बघतही नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली तिची, आकडे एकदा ऐकले की पाठ.

७ फेब्रुवारी

प्रोग्राम सारखा बंद पडतोय. आई मध्येच पंचवीस दाबते. पंचविसावी ओळच नाही, मग तो एरर देऊन थांबतो आणि मी ऑफिसातून येईपर्यंत आई मुकी. नर्सबाई वैतागल्यात. "ताई, तुमचं यंत्र फार रुसतं हो. पावडर लावायला घेतली की रुसलंच."

दादा म्हणाला, "बोट घसरतंय तिचं. तू एवढी शिकलेली, काहीतरी कर की."

केलं. मागितलेली ओळ सापडली नाही तर पहिली ओळ वाच. आता बंद पडायचं नाव घेणार नाही.

८ फेब्रुवारी

एकदाही बंद पडलं नाही. दादाने चक्क शाबासकी दिली.

११ फेब्रुवारी

श्वास पुरत नाही तिला. डॉक्टर म्हणतात, घशाला छिद्र पाडून नळी घालू, पुढे यंत्र श्वास देईल.

"कायमचं?" दादाने विचारलं.

"बहुतेक. पण वर्ष-दोन वर्षं हाताशी येतील. नाहीतर काही महिनेच. मात्र हे त्यांनी ठरवायचं, तुम्ही नाही."

त्यांनी आईला सगळं समजावलं, काही न लपवता. मग विचारलं. स्पीकर म्हणाला, "हो." आईने पुन्हा दाबलं. "हो." पुन्हा. "हो."

डॉक्टर हसले. "आजी एकदम ठाम आहेत."

परवा सकाळी ऑपरेशन. दादा बाहेर जाऊन रडला, मीही. आईला जगायचंय!

१२ फेब्रुवारी

आई सकाळपासून काही दाबत नाही. पाणीसुद्धा मागत नाही. घाबरली असेल.

दुपारी नर्सबाई पावडर घेऊन आल्या. "लावू ना, आजी? हल्ली हो म्हणतात हं. गुणी झाल्यात अगदी."

आईचं बोट हललं. मी सहज बटणांकडे पाहिलं. दोन, मग पाच. स्पीकर म्हणाला, "हो."

पावडरच्या वासाचा तिला जन्मभर तिटकारा.

बोट घसरत नव्हतं. यादीत 'नाही' नव्हतं. मीच ठरवलं होतं, 'हो' नसेल तर ती काही दाबणारच नाही, मग वेगळी ओळ कशाला? तिने आपलं 'नाही' स्वतः शोधलं होतं. यादीत नसलेला आकडा दाबायचा. यंत्र बंद पडायचं, नर्सबाई त्यात गुंतायच्या, पावडर परत जायची. मी ते दुरुस्त केलं. आणि काल डॉक्टरांसमोर ती तीनदा नाही म्हणाली.

कॅन्टीनमध्ये बसून लिहितेय. अजून कोणाला सांगितलेलं नाही. गप्प बसले तर उद्या नळी बसेल आणि आई राहील. दादाला कळणार नाही, डॉक्टरांना कळणार नाही. आईला कळेल, पण तिला सांगता येणार नाही.

हे वाक्य माझ्या हाताने लिहिलंय. वाचवत नाही.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

पंचविसावी ओळ जोडली. दादाला सगळं सांगितलं आणि सोबत घेऊन गेले.

"आई, रागावलीस माझ्यावर?"

"हो."

"बघ," दादा म्हणाला, "चालतंय."

मग मी नळीचं विचारलं.

"नाही."

"परत विचार," दादा म्हणाला. परत विचारलं.

"नाही."

थोड्या वेळाने तिने पाणी मागितलं. चमच्याने पाजलं.

उद्या: डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये शिरायच्या आत त्यांना गाठायचं.