दाराला कडी लावू नये

मी, खाली सही करणारी, दारे-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्याची मालकीण, विधवा, वय एकाहत्तर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. म्हातारीला मुलीने भरीस घातले, असे माझे धाकटे दीर म्हणतील. मला आजवर कोणी भरीस घालू शकलेले नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

वाटणीआधी खरे काय ते नोंदवते. माझा मुलगा हेरॉइनने गेला. भाऊजींनी वर्तमानपत्रात ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ असे छापून आणले, ते धादांत खोटे आहे. त्याचे हृदय ठणठणीत होते. भाऊजींनी ओळखीने त्याला एका केंद्रात कोंडून ठेवले आणि काही महिन्यांनी ‘खडखडीत बरा झाला’ म्हणत घरी आणून सोडले. हेरॉइन इतके दिवस बंद राहिले की शरीराची सवय मोडते, आणि पूर्वी पचायचे तेवढेच मग जीव घेते, हे ना त्या केंद्राने सांगितले, ना भाऊजींनी विचारले. त्याने न्हाणीघराला आतून कडी लावली. पटाशी आणून दार उचकटेपर्यंत त्याचा श्वास थांबला होता. दार मीच बनवले होते, चांगले जाड.

त्यानंतर मी घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढून टाकल्या. आत असलेल्याने गुणगुणावे, बाहेरच्याने खोकावे, असा आमच्याकडे रिवाज पडला. न्हाणीघरात जावे लागेल या धास्तीने जाऊबाई आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत. मी बाहेर असताना भाऊजींनी एकदा न्हाणीघराला नवी पितळी कडी ठोकून घेतली, वर मलाच म्हणाले, “वहिनी, घराण्याची काही लाज?” ती कडी मी उपटली आहे आणि ती भाऊजींना देत आहे. त्यांनी आपल्या दाराला लावून आत खुशाल बसावे. माझी मुलगी या घरात राहते तोवर इथे कोणीही कडी लावायची नाही.

रंधे, करवती, पटाश्या आणि यंत्रे माझ्या जुन्या कारागिराला द्यावीत. तोंडाचा पट्टा कधी बंद नसतो म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणतात. मुलगा गेल्यावर आठवडाभर तो एक शब्द बोलला नाही, फक्त शेजारी बसून फळ्या तासत राहिला. बाकीचे नातलग तेव्हा मला उपदेश करत होते.

राहते घर, कारखान्याची जागा आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या मुलीला. होय, तीसुद्धा घेत असे. यावर घरात जे प्रश्न विचारून माझा जीव खाल्ला गेला, त्यांची उत्तरे इथेच देते, म्हणजे माझ्या मागे तिला कोणी विचारायला नको.

“मनावर घेतलं तर सुटत नाही होय?” ऑपरेशनसाठी दोनदा छाती उघडली तरी भाऊजींची सिगारेट सुटलेली नाही. मनावर घ्यायची सुरुवात त्यांनी करावी.

“रोज सकाळी जिभेखाली गोळी धरते, ती काय वेगळी नशा?” ते औषध आहे. त्याने तिची तलफ आणि अंगाची तडफड थांबते, ती जेवते, झोपते, कारखान्यात पॉलिशचे काम बघते. डॉक्टर सांगतील तोवर ती घेईल. तिला ती सोडायला लावणारा तिच्या जिवावर उठला आहे, असेच मी समजेन.

“तिचा कप वेगळा ठेवा.” दुसऱ्याची सुई वापरल्याने तिला कावीळ झाली होती, उपचारांनी ती बरी झाली. ती कावीळ रक्तातून जाते, कपातून नाही. जाऊबाईंनी वेगळा काढलेला कप मी त्यांच्यादेखत फोडला, त्याचे मला अजून समाधान आहे.

स्वयंपाकघराच्या वरच्या खणात, हेरॉइन जास्त झाले तर नाकात मारायचा औषधी फवारा आहे. ती हाकेने उठली नाही, ओठ निळे पडले, श्वास अडखळला, तर तो मारावा आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलवावी. फवाऱ्याचा असर उतरतो, म्हणून तिला एकटी सोडू नये. आधी भाऊजींचा सल्ला घेत बसू नये.

वकिलांनी एक अट सुचवली होती: मुलीने पुन्हा हेरॉइन घेतले, तर घर पुतण्यांकडे जावे. भाऊजींनी मान डोलावली. मला संताप आला. अशी अट घातली तर ती घसरेल तेव्हा लपवेल, आणि लपवण्यानेच माझा एक गेला. म्हणून असे लिहिते की तिने पुन्हा घेतले तरी घर तिचेच. हे वाचून भाऊजी साक्षीची सही न करता उठून गेले. मी त्यांना थांबवले नाही.

मुलगी दारातच उभी होती. म्हणाली, “आई, परत घेतलं तरी?”

“तरी.”

“आणि त्याच्यानंतर परत?”

“तरी. जा, पेन आण.”

तिने पेन आणले. तिच्यासमोर, आणि खालील दोघांसमोर, मी सही करत आहे.

सही: मुलीची आई
साक्षीदार: १) व्यसनमुक्ती विभागातील परिचारिका २) खालच्या मजल्यावरचे प्लंबर
ठिकाण: कारखान्यातील कामाचे टेबल
तारीख: आज, सोमवार, भाऊजी उठून गेल्यावर लगेच